काळ्या काठाची पाकिटं

नाही, पण मी म्हणतो, सही करायला असा किती वेळ लागतो? पेन उचला, टोपण काढा, फर्रकन रेघ ओढा, खाली दोन टिंबं द्या... झाली की सही! आपण नाही करत? रेशनकार्डावर करतो, पोराच्या प्रगतिपुस्तकावर तोंड वाकडं करून करतो, पगाराच्या दिवशी तर नाचत नाचत करतो! आणि तो तिकडे इंग्लंडात बसलेला वॉल्टर थिसलवुड, एवढा नावाजलेला गोलंदाज, हातापायानं धडधाकट, त्याला एक सही होईना? आणि इकडे बंगळुरात, बसवनगुडीत, आमचे प्राणेशराव रोज उंबऱ्यावर बसून पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावताहेत... अहो, लग्नाच्या मुलीचा बाप परवडला! त्याला निदान नकार तरी येतो!

हं, स्वल्प थांबा. तुम्हाला प्राणेशराव कोण ते कुठं माहीत आहे! सरकारी कचेरीत कारकून, अंगानं सुतळी, काळ्या काठाचं धोतर, कपाळाला अंगार-अक्षत, आणि घराणं म्हणाल तर शहाजीराजांच्या मागून बंगळुरात आलेलं ते इथलंच झालेलं. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत इंग्रजी आणि बायकोपुढे मौन, अशा चार भाषा त्यांना उत्तम येत. बायको अहल्याबाई. तोंडानं फटकळ, पण मनानं... तेही सांगतो, पण शेवटी.

तर त्रेपन्न साली गोऱ्यांचा एक संघ हिंदुस्थानात खेळत फिरत होता, त्याचा एक सामना आमच्या इथं कॉलेजच्या मैदानावर. प्राणेशराव तेव्हा नुकते नोकरीला लागलेले. पोटदुखीची रजा टाकली आणि मैदानाच्या कडेला झाडाखाली जाऊन बसले. दुपारी डबा उघडला. दहीभात, वर लिंबाचं लोणचं. चार घास पोटात गेले असतील-नसतील, तेवढ्यात आपल्या एका फलंदाजानं असा टोला हाणला म्हणता, बॉल टणाटण उड्या मारत आला आणि थेट यांच्या मांडीशी येऊन थांबला! आता? हात दहीभातानं बरबटलेला. बाजूचे ओरडताहेत, 'एसीरी स्वामी, एसीरी! फेका की हो!' माणसानं करावं काय? उचलला आणि फेकला! तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं जन्मात कधी आंब्याच्या झाडावर धोंडा मारला नाही, त्यानं असा फेकला की बॉल वरच्या वर, वरच्या वर गेला आणि मैदानाच्या मधोमध उभ्या थिसलवुडच्या हातात पडला! त्याला पाऊल हलवावं लागलं नाही! त्यानं बॉलकडे बघितलं, हात पँटीला पुसला, मग झाडाकडे बघून टोपी उचलली आणि म्हणाला, 'वेल थ्रोन, सर!' आता ते इतक्या लांबून ऐकू कसं आलं, असलं विचारू नका. प्राणेशरावांना आलं! सर! कचेरीत ज्याला शिपाईसुद्धा 'ओ राव' म्हणून हाक मारतो, त्याला सर! आणि पुढच्याच चेंडूवर आपल्या गड्याची दांडी गुल.

घरी आले ते उडतच आले. अहल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि काय म्हणाल्या असतील? 'खरकट्या हातानं? अहो, खरकट्या हातानं साहेबाला बॉल दिलात? त्यानं तो सगळ्यांना फिरवला असणार! सगळ्या मैदानाला खरकटं केलंत!' झालं! आणि गल्लीत तर कुणाचा विश्वासच बसेना. शेजारच्या आळीतले गुंडोपंत म्हणाले, 'प्राणेश आणि बॉल फेकणार? अरे, त्याला गच्चीवरून खाली किल्ली टाकायला सांगितली तर ती पन्हळीत जाते!' सगळे हसले. प्राणेशरावही हसले. पण आत कुठं तरी ते लागलं हो त्यांना. माणसाच्या आयुष्यात एकच मोठी गोष्ट घडावी आणि तिला साक्षीदार म्हणून एकच माणूस असावा, आणि तो सहा हजार मैलांवर! मग त्यांच्या मनानं घेतलं. थिसलवुडला पत्र लिहायचं. सही मागायची. सही तर हवीच होती, पण खरं सांगू? सहीच्या वर एक ओळ हवी होती. 'मला आठवतं.' बस. एवढंच. आणि सही करायला असा किती वेळ लागतो?

पण थिसलवुडला एकदम लिहायचं म्हणजे... नाही म्हटलं तरी सराव हवा. म्हणून आधी दुसऱ्या खेळाडूंना लिहायला सुरुवात. याची एक पद्धत असते बरं का. गोड इंग्रजीत पत्र लिहायचं, सोबत आपलाच पत्ता घातलेलं रिकामं पाकीट ठेवायचं, आणि परतीच्या टपालखर्चाचं म्हणून पोस्टात एक कूपन मिळतं ते जोडायचं, म्हणजे पलीकडच्याला काही सबबच उरत नाही! हे सगळं त्यांना शिकवलं गुंडोपंतांनी. गुंडोपंतांना हा नाद जुना. कोऱ्या करकरीत क्रीम रंगाच्या पाकिटांतून जगभर पत्रं धाडायचे. उत्तरं? शून्य! एकदा एकाचं आलं, तेही 'या पत्त्यावर कोणी राहत नाही' म्हणून परत.

आता पाकिटाचं ऐका, कारण सगळी गंमत... गंमत कसली, सगळा घोळ तिथंच आहे! प्राणेशराव एका रविवारी गेले कॅन्टोन्मेंटात. आम्ही इकडच्या शहरातल्या माणसांनी गोऱ्यांच्या त्या वस्तीत जायचं म्हणजे परदेशीच जायचं. तिथं एका म्हाताऱ्या मडमेचं कागद-पाकिटांचं दुकान. बाई दुकान मोडून विलायतेला निघालेली, सगळा माल स्वस्तात. प्राणेशरावांची नजर गेली एका खोक्यावर. जाड, पांढरी शुभ्र पाकिटं, आणि चारी बाजूंनी अशी रेखीव काळी किनार! आत कागद, त्यालाही तशीच किनार! प्राणेशरावांचा जीव हरखला. अहो, आपल्याकडे काठाशिवाय काही शोभतं का? धोतराला काठ, पातळाला काठ, उपरण्याला काठ! बिनकाठाचं पांढरंफटक कोण नेसतं सांगा? घरात काही बरंवाईट झालं तरच ना! आणि या गुंडोपंतांची पाकिटं बघा, बिनकाठाची! येतील कशी उत्तरं? प्राणेशराव मडमेला म्हणाले, 'मॅडम, हे सगळे खोके द्या.' मडम चपापली. 'सगळे? सो मेनी?' 'येस मॅडम. मला नेहमीच लागतात.' तर त्या बाईनं डोळ्यांना रुमाल लावला आणि वर शाईची एक दौत फुकट दिली! प्राणेशराव घरी येऊन सांगताहेत, 'काय प्रेमळ जात हो ही इंग्रजांची! दुकान सोडून जाताना रडू येतं त्यांना!'

मग काय! पत्रं जाऊ लागली, आत परतीचं पाकीटही काठाचंच! आणि पत्रातला मजकूर तरी कसला! 'महाशय, एके काळी माझाही हात चालला होता. आता सगळं शांत आहे. एका दिवसाची आठवण तेवढी उरली आहे. आपले दोन शब्द आले तर बळ येईल.' आणि तुम्हाला सांगतो, उत्तरं यायला लागली! धडाधड! वेल्समधल्या एका फुटबॉलच्या गोलकीपरचं आलं: सही, आणि वर लिहिलेलं, 'धीर सोडू नका.' स्वीडनच्या एका धावणाऱ्यानं सहीबरोबर चर्चचं चित्र पाठवलं. एका ऑस्ट्रेलियन टेनिसवाल्या बाईनं तर दोन पानं भरून लिहिलं की, गेल्या हिवाळ्यात माझी आई गेली, मी समजू शकते, काळ हेच औषध! अहल्याबाई म्हणाल्या, 'ही कोण? हिची आई गेली ते तुम्हाला कशाला कळवते?' प्राणेशराव म्हणाले, 'तुला नाही कळायचं ते. खेळाडू ही फार खोल माणसं असतात.' आणि गुंडोपंत! गुंडोपंतांचा नुसता जळफळाट. 'प्राणेशा, एक पाकीट दे रे, एकच!' प्राणेशराव गालात हसायचे. 'गुंडोपंत, पाकिटानं काय होतंय? भाव लागतो पत्रात, भाव!'

आमचा पोस्टमन कल्लाप्पा. बेळगावकडचा गडी, तोंडाळ, पण जीव लावणारा. काळ्या काठाचं पाकीट थैलीत दिसलं की गल्लीच्या तोंडापासून ओरडत यायचा, 'आलं ओ अण्णा, काठाचं आलं! पेढं काढा!' आणि प्रत्येक वेळी प्राणेशराव धोतर सावरत धावायचे, पाकीट उलटंसुलटं करून तिकीट बघायचे, आणि... थिसलवुडचं नसायचं. जगाचं यायचं, त्याचं यायचं नाही. बाकीच्यांच्या सह्या वहीत चिकटवायचे, पण पहिलं पान कोरं ठेवलेलं. तिथं कुणालाच जागा नाही. दर उगादीला, म्हणजे तुमच्या गुढीपाडव्याला, चांगला दिवस बघून, त्याला एक पत्र. इतर वेळी नाक मुरडणाऱ्या अहल्याबाई त्या दिवशी मात्र गुपचूप देवघरातून यायच्या आणि पाकिटाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावायच्या. 'जाऊ द्या बाई एकदाचं. आलं तर आलं, निदान आमचं घर तरी शांत होईल.' ओल्या कुंकवाचा तो डाग काळ्या काठावर ओघळायचा... पण शुभच ना! उगादी गेली, दुसरी आली, तिसरी आली. प्राणेशरावांच्या टोपीखाली केस पिकायला लागले. कल्लाप्पानं नुसतं पोस्टकार्ड टाकलं की उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत म्हणायचे, 'नाही, पण मी म्हणतो कल्लाप्पा, सही करायला असा किती वेळ लागतो?' कल्लाप्पा म्हणायचा, 'मोठी मानसं अण्णा! त्यास्नी पेन गावायला हवं, टेबल गावायला हवं... येतंय बघा!'

आणि मग एक दिवस कचेरीत... मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. त्यांच्या कचेरीत टायपिस्ट होत्या मिसेस रोझारिओ. कॅन्टोन्मेंटातल्या, वयस्क, फार मायाळू. प्राणेशराव दुपारच्या सुट्टीत टेबलाशी बसून थिसलवुडचा पत्ता घालत होते. बाई हळूच मागून आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, 'अगेन, मिस्टर राव? इस बार कौन?'

प्राणेशराव आनंदानं म्हणाले, 'थिसलवुड!'

'ओ माय! वो भी गया?'

'नाही नाही, अजून काहीच नाही! मी वाट बघतोय!'

'वाट बघता?' बाई दोन पावलं मागं सरल्या. मग हळूहळू उलगडा झाला. बाई खुर्चीवर बसल्या आणि समजावून सांगितलं त्यांनी. साहेबाच्या देशात घरात कुणी मेलं की असली काळ्या किनारीची पाकिटं वापरतात. पोस्टमननं टाकलं की लांबूनच कळतं, मयताची बातमी आहे. तरीच त्या दर नाताळात प्राणेशरावांना डबाभर जास्त केक द्यायच्या! त्यांना वाटायचं, या बिचाऱ्याच्या घरात माणसं टिकत नाहीत!

तुम्हाला सांगतो, प्राणेशराव त्या दिवशी बसनं आलेच नाहीत, चालत आले. घरी येऊन टोपी काढली नाही. वही काढली आणि एकेक पान बघत बसले. 'धीर सोडू नका.' 'काळ हेच औषध.' 'तुमच्या दुःखात सहभागी आहे.' अहो, वाचत होते की सगळं, इतकी वर्षं! त्यांना वाटलं, आपल्या हुकलेल्या क्रिकेटबद्दलच लिहिताहेत. अहल्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी पदर तोंडाला लावून हसल्या. हसल्या म्हणजे काय, मोरीपर्यंत गेल्या हसत. परत आल्या तर नवरा भिंतीकडे तोंड करून बसलेला. 'या सह्या नव्हेत गं,' म्हणाले. 'समाचाराला आलेली माणसं आहेत ही. जिवंतपणी लोकांना समाचाराला बोलावलं मी.' मग त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'आणि मी वर कुंकू लावलं. काळ्या किनारीवर तांबडा डाग. त्याला काय वाटलं असेल हो?'

गुंडोपंतांना कळलं तर ते दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन हजर! 'तुला नकोत ना आता ती पाकिटं? दे इकडे.' 'अहो, पण लोकांना वाटेल तुमच्याकडे कोणी गेलं!' 'वाटू दे की! माझा सासरा खरंच आजारी आहे, अगदीच खोटं नाही ते!' नेली सगळी. नादाला काय म्हणायचं!

प्राणेशरावांनी मग साधं, पांढरं, बिनकाठाचं पाकीट आणलं. जिवावर आलं होतं, पण आणलं. थिसलवुडला शेवटचं पत्र लिहिलं. अहल्याबाई समोर बसून ऐकत होत्या. 'महाशय, आमच्याकडे कोणीही गेलेलं नाही. सगळे सुखरूप आहेत. पूर्वीच्या पत्रांनी आपल्याला त्रास झाला असल्यास क्षमा असावी. त्रेपन्न साली बंगळुरात झाडाखालून ज्यानं बॉल फेकला तो मी. आपल्याला आठवतं का, एवढंच विचारायचं होतं. सही नसली तरी चालेल.' अहल्याबाई म्हणाल्या, 'जगात तुम्हीच पहिले. आमच्या घरी कोणी मेलं नाही म्हणून माफी मागणारे!' पण कुंकू नाही लावलं. पाकीट हातात धरून नुसता नमस्कार केला. एक मात्र लक्षात ठेवा हं, दहीभाताचा त्यात शब्द नव्हता. आधीच्याही कुठल्या पत्रात नव्हता. साहेबाला खरकट्या हाताचं कोण कळवतो?

आणि मग पुन्हा तीच वाट. पाऊस गेला, दसरा झाला, बसवनगुडीची शेंगदाण्यांची जत्रा झाली... आणि एका सकाळी गल्लीच्या तोंडापासून कल्लाप्पाची आरोळी, 'आलं ओ अण्णा, आलं! विलायतेचं! रजिस्टर हाय! आनि काठाचं हाय बघा, काळ्या काठाचं! थिसलवूड लिवलंय मागल्या अंगाला!' सगळी गल्ली बाहेर आली. गुंडोपंत बनियनवर धावले. समोरच्या पद्मावतीअक्कांनी हातातलं पोह्यांचं पातेलं तसंच घेऊन उंबरा गाठला. 'आलं का हो? शेवटी आलं का?' सगळे आनंदात! इतकी वर्षं काळा काठ म्हणजे सही, एवढंच माहीत गल्लीला. गुंडोपंतांना अर्थ ठाऊक होता, पण तेसुद्धा हरखून म्हणाले, 'बघ, तुला आवडतात म्हणून मुद्दाम तसलंच शोधून पाठवलं त्यानं!'

प्राणेशराव उंबऱ्यावर उभे. पाकिटाला हात लावीनात. ते त्यांचं पाकीट नव्हतं. त्यांच्या अक्षरातला पत्ता नव्हता. किनार तीच. यांना कळलं होतं, आणि मागं दारात उभ्या अहल्याबाईंनाही कळलं होतं. कल्लाप्पानं पावतीचा कागद पुढं केला, पेन हातात दिलं. 'हितं सही करा अण्णा.' प्राणेशरावांनी पेन कागदावर टेकवलं आणि तसेच उभे राहिले. हात चालेना. कल्लाप्पा हसून म्हणतो, 'काय ओ अण्णा, तुम्हीच म्हनतासा न्हवं, सही करायला असा किती वेळ लागतोय?' सगळे हसले. अहल्याबाई पुढं आल्या, त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाल्या, 'घरच्या माणसाची चालते ना रे कल्लाप्पा? आण इकडे.' आणि केली.

आत गेल्यावर म्हणाल्या, 'आंघोळीचं पाणी ठेवते.'

'अगं, आपल्याला कुठं त्याचं सुतक?'

'नाही लागत. पण ठेवते.'

आणि प्राणेशरावांनी केली आंघोळ. डोक्यावरून. अशा माझ्या अहल्यावैनी! पाकीट मात्र फोडलं नाही. रेडिओच्या मागं ठेवून दिलं. गल्लीत सगळे विचारायचे, काय लिहिलंय, सही कशी आहे, तर म्हणायचे, 'छान आहे, छान आहे.' न वाचताच! चार-पाच दिवसांनी अहल्याबाईंनीच ते काढून त्यांच्यापुढे ठेवलं. 'वाचा. उत्तर आलं ते वाचायचं. इतकी वर्षं वाट बघायची आणि आता घाबरायचं होय?'

मग वाचलं. वाचत गेले, एकेक ओळ मराठीत सांगत गेले. थिसलवुडच्या बायकोचं पत्र होतं. 'महाशय, तुमचं पांढरं पाकीट आलं त्याच्या थोडेच दिवस आधी वॉल्टर गेला. तुमच्या घरी सगळे सुखरूप आहेत हे वाचून मी पहिल्यांदा हसले. दरवर्षी तुमच्याकडून काळ्या किनारीचं, वर तांबडा डाग पडलेलं पाकीट यायचं. वॉल्टरचे दोन भाऊ लढाईत गेले, तेव्हापासून त्याला तसल्या पाकिटाला हात लावायचा धीर होत नसे. तो ते घड्याळाच्या मागं ठेवून द्यायचा आणि म्हणायचा, जो कोणी गेला असेल तो अजून थोडे दिवस जगू दे बिचारा.' इथं प्राणेशराव थांबले. रेडिओकडे बघितलं. म्हणजे ज्या काठानं जगभरच्या सह्या आणल्या, त्यानंच ही एक अडवून धरली! इतकी वर्षं सगळी पत्रं तिथं पोचली होती, घड्याळामागं न फोडलेली! आणि हे इथं म्हणताहेत, सही करायला असा किती वेळ लागतो!

'पुढं?' अहल्याबाई म्हणाल्या.

पुढं होतं: 'तुम्ही विचारलंत, आठवतं का. पत्र त्यानं वाचलं नाही, पण तो दिवस त्याला आठवत होता. आमच्याकडे कधी भात केला की हटकून सांगायचा. बंगळुरात एकानं झाडाखालून बॉल फेकला होता, मी पाहिलेली सगळ्यांत सुंदर फेक, आणि बॉलला शितं चिकटलेली! शितांकडचं अंग जड झालं आणि पुढच्याच चेंडूला बॉल असा काही वळला की दांडी उडाली. म्हणायचा, ती विकेट खरी त्या माणसाची.'

प्राणेशरावांनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला, परत लावला. दहीभाताचं त्यांनी कुणाला कळवलं होतं? कुणालाच नाही! त्याला आठवत होतं हो! गल्लीत ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, ते तिकडे इंग्लंडात दर भाताच्या ताटावर सांगितलं जात होतं! रडले. सरळ रडले. अहल्याबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, 'घ्या! तुमचं खरकटंच पावलं म्हणायचं.'

आणि सही? सही कुठाय? तर पत्राच्या तळाला बाईंनी लिहिलेलं: 'वॉल्टरची सही द्यायला घरात काही उरलं नाही, लोक सगळं घेऊन गेले. म्हणून मीच करते.' आणि खाली, छान वळणदार अक्षरात: 'मिसेस वॉल्टर थिसलवुड.' अहल्याबाई कागदावर वाकल्या. 'म्हणजे? हिचं नाव काय?' 'त्यांच्यात तसंच करतात. नवऱ्याच्या नावापुढं नुसतं मिसेस.' 'अग्गोबाई! आम्ही उखाण्यातसुद्धा नाव घ्यायचं तर लाजून चूर, आणि ही सहीच ठोकते!' मग म्हणाल्या, 'चांगलंय पण.'

पहिल्या कोऱ्या पानावर आता ती आहे. गुंडोपंत बघायला आले तर म्हणाले, 'प्राणेशा, अरे, डावीकडून एवढी घडी घाल की! मिसेस झाकलं की वॉल्टर थिसलवुड! अस्सल! कुणाच्या बापाला कळणार नाही!' प्राणेशरावांनी घडी घातली. बघितलं. खरंच, वॉल्टर थिसलवुड! जन्मभर वाट बघितली ती सही! क्षणभर तसंच धरलं... आणि मग परत उलगडलं, हातानं सपाट केलं आणि म्हणाले, 'नको. बाईंनी केलीय. असू दे.'

तेव्हा, नाही, पण मी म्हणतो, सही करायला असा किती वेळ लागतो? लागतो हो. एकेकाला आख्खा जन्म पुरत नाही, आणि मग राहिलेली सही बायकोला करावी लागते.